घाईतल्या वाचकासाठी पहिलं पान: जिल्हा दैनिकाची मांडणी नव्याने कशी करावी

फक्त पहिलं पान वाचून जो माणूस पेपरची घडी घालून कामाला निघतो, त्याला दिवस कळलेला असला पाहिजे. माझी पहिल्या पानाकडून एवढीच अपेक्षा आहे आणि पुढचं सगळं तिच्यातूनच येतं. मी सांगलीत एका जिल्हा दैनिकाच्या डेस्कवर आहे. पहिलं पान लावणं हे माझं रोजचं काम. आमच्या पानाची मांडणी आम्ही मुळापासून बदलली. तेव्हापासून इतर जिल्ह्यांतली डेस्कवरची मंडळी विचारतात, सुरुवात कुठून करायची? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी वाचकाबद्दल. घाईतला वाचक म्हणजे तरुण, मोबाइलवाला, वाचनाचा कंटाळा असलेला, असं डेस्कवर धरून चालतात. ते खरं नाही. मार्केट यार्डातला हळदीचा अडत्या सौदा सुरू व्हायच्या आधी पेपर बघतो. मुलांचे डबे भरून झाले की शाळेची बस येईपर्यंत एखादी आई बघते. एसटीचा वाहक फलाटावर गाडी लागेपर्यंत बघतो. या सगळ्यांना मनापासून वाचायचं असतं, फक्त वेळ तेवढाच असतो. पान रंगीबेरंगी आणि हलकंफुलकं करून त्यांचं काही भलं होत नाही. त्यांना बातमी पूर्ण हवी आणि चटकन सापडायला हवी.

म्हणून संगणक उघडायच्या आधी स्वतःच्याच पेपरचे मागच्या दोन आठवड्यांचे अंक टेबलावर पसरा आणि लाल पेन घ्या. पहिल्या पानावरची प्रत्येक बातमी तिथेच पूर्ण झाली का? नसेल तर 'उर्वरित पान ५ वर' या ओळीभोवती गोल करा. मग फक्त मथळे वाचा. मथळ्यावरून काय घडलं ते कळत नसेल तर त्यावर फुली मारा. शेवटी, ज्या बातमीने वाचकाला आज काहीतरी करायला, टाळायला किंवा ठरवायला मदत झाली असती, तिच्यावर बरोबरची खूण करा. अशा खुणा किती थोड्या आहेत हे संपादकांनी स्वतः पाहिल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. नव्या मांडणीला त्यांचा पाठिंबा पुढे अनेकदा लागतो, आणि तो या टेबलावरच मिळतो.

त्यानंतर सकाळी बाहेर पडा. नगर वाचनालयात, चहाच्या टपरीवर, स्टँडवर उभं राहून लोक पेपर कसा धरतात ते बघा. प्रश्न विचारू नका. विचारलं की लोक अग्रलेख वाचतो म्हणून सांगतात. फक्त बघा. पेपर घडी करून येतो, म्हणजे पहिल्यांदा दिसतो तो पानाचा वरचा अर्धा भाग. बरेच जण उभ्याउभ्या तेवढाच वाचतात. गर्दीत तर पेपर आणखी एकदा दुमडतात, मग हाती पाव पान उरतं. तुमची सगळ्यात उपयोगी बातमी त्या घडीच्या खाली आहे का, एवढं नीट पाहून या.

'उर्वरित'ची सवय मोडणं

सगळ्यात अवघड काम हेच, म्हणून यावर जास्त लिहिते. बातमी पहिल्या पानावर वाक्याच्या मध्ये तोडायची आणि तिचं शेपूट आतल्या पानावर टाकायचं, ही पद्धत डेस्कच्या सोयीची आहे. सहा-सात बातम्या पहिल्या पानावर 'बसतात', सहा-सात वार्ताहर खूश होतात. वाचकाला मात्र सहा अर्धवट बातम्या मिळतात. मी ज्यांना वाचताना पाहिलं, त्यांतले फार थोडे ते शेपूट शोधत आतल्या पानावर गेले.

नियम असा करा: पहिल्या पानावरची प्रत्येक बातमी पूर्णविरामाने संपेल. साठ ते ऐंशी शब्दांत काय झालं, कुठे, कधीपासून, कुणावर परिणाम आणि वाचकाने काय करायचं, हे आलं पाहिजे. बातमी मोठी असेल तर तिचा विस्तार आतल्या पानावर स्वतःच्या मथळ्यासह, स्वतःच्या सुरुवातीसह स्वतंत्र येईल आणि पहिल्या पानावरच्या मजकुराखाली 'सविस्तर: पान ५' एवढंच येईल. घाईतला माणूस पहिल्या पानावर थांबला तरी त्याचं काही राहत नाही, आणि रात्री जेवणानंतर जो निवांत वाचतो त्यालाही पहिल्या पानाचा धागा शोधत बसावं लागत नाही.

याला पहिला विरोध वार्ताहरांकडून होतो, आणि तो समजून घ्यायला हवा. तालुक्याचा वार्ताहर दिवसभर हिंडून सहाशे शब्द पाठवतो आणि तुम्ही त्याचे सत्तर करता. त्याची बायलाइन, म्हणजे त्याचं नाव, त्या सत्तर शब्दांवरही द्या आणि आतल्या सविस्तर बातमीवरही द्या. शिवाय हे सत्तर शब्द त्यानेच लिहून पाठवायचे, अशी पद्धत लावा. उपसंपादकाने वरून कापलेल्या इंट्रोपेक्षा, म्हणजे बातमीच्या पहिल्या परिच्छेदापेक्षा, जागेवर असलेल्या माणसाने लिहिलेला सारांश नेहमी नेमका असतो. 'याबाबत अधिक माहिती अशी की' ने सुरू होणाऱ्या बातम्या या एका सवयीने हळूहळू बंद होतात.

मथळा

आपल्याकडे मथळ्यात कोटी करण्याची, यमक जुळवण्याची जुनी हौस आहे. आतल्या पानावर, लेखाला, क्रीडा पानाला ती शोभते. पहिल्या पानावर मथळ्यानेच बातमी सांगायची. नमुन्यादाखल, 'पाणीबाणी!' या मथळ्यातून वाचकाला काहीच मिळत नाही. 'विश्रामबागला उद्या पाणी नाही. परवा सकाळी येणार' या मथळ्यावर तो आजच पिंप भरून ठेवतो. 'खळबळ', 'दणका', 'ऐरणीवर', 'रडारवर' हे शब्द काढून टाका आणि त्या जागी गावाचं नाव, आकडा किंवा वार लिहा.

मराठीत एक धोका खास आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. दोन ओळींच्या मथळ्यात पहिली ओळ 'घरपट्टीत यंदा वाढ होणार' अशी आली आणि 'नाही' दुसऱ्या ओळीत गेलं, तर नजर टाकून पुढे जाणारा माणूस बरोबर उलटी बातमी घेऊन घरी जातो. म्हणून 'नाही' असलेला मथळा शक्यतो लिहूच नका: 'घरपट्टीवाढ टळली'. इलाजच नसेल तर क्रियापद आणि 'नाही' एकाच ओळीत ठेवा. हीच गोष्ट 'रद्द', 'स्थगित', 'फेटाळला' यांची. शेवटचा शब्द वाचला नाही तर अर्थ उलटा होतो, असा मथळा घडीवर येऊ देऊ नका.

रकाने

आपल्याकडचं मोठ्या आकाराचं पान साधारण ३३ सेंटिमीटर रुंद छापलं जातं आणि आठ रकान्यांचं असतं. मध्ये चार-चार मिलिमीटर जागा सोडली की एक रकाना उरतो पावणेचार सेंटिमीटरचा. मराठी शब्दांना विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात. 'जिल्हाधिकाऱ्यांच्याकडून' हा एकच शब्द जवळजवळ अख्खी ओळ खातो. त्यात दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट केला की ओळीत दोन शब्द आणि त्यांच्यात मोठी भगदाडं. डोळा अडखळतो, वेग जातो.

पहिल्या पानावर सहा रकाने करा. रकाना पाच सेंटिमीटरच्या थोडा वर जातो आणि ओळ श्वास घेते. लगेच जाहिरात विभाग येईल, कारण जाहिराती आठ रकान्यांच्या मापाने विकलेल्या असतात. उत्तर सोपं आहे: आठातले चार रकाने आणि सहातले तीन रकाने यांची रुंदी एकच भरते, १६.३ सेंटिमीटर. म्हणजे पहिल्या पानावर जाहिरात एकतर पूर्ण रुंदीची किंवा अर्ध्या रुंदीची घ्यायची. दोन रकान्यांच्या सुट्या जाहिराती आत. हे दरपत्रकातच छापून घ्या, नाहीतर दर महिन्याला हाच वाद होईल.

डावीकडचा एक रकाना वरपासून खालपर्यंत थोडक्यात बातम्यांना द्या. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने पहिल्या पानावर त्रोटक बातम्यांचा रकाना कित्येक दशकं चालवला. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये निघालेल्या 'यूएसए टुडे'ने आखूड बातम्या आणि रंगीत हवामान नकाशा यांवरच आपली ओळख उभी केली. समव्यवसायी नाकं मुरडत राहिले आणि पुढे त्यातलं बरंच काही स्वतःच्या पानांत घेत गेले. आपण त्यांचा आटोपशीरपणा घ्यावा, पण बातम्या कुठल्या ते आपल्या जिल्ह्याने ठरवावं. या रकान्यात कडा डावीकडेच सरळ ठेवा, उजवीकडची मोकळी सोडा. प्रत्येक नोंद ठळक शब्दाने सुरू करा, आणि तो शब्द गावाचा किंवा विषयाचा असू द्या: 'तासगाव', 'वीज', किंवा उसाच्या किमान दरासाठी 'एफआरपी'. वाचक स्वतःचा शब्द शोधत खाली सरकतो.

अक्षर

परदेशी पेपरचा आराखडा उचलून त्यात मराठी ओतलं की पहिला बळी जातो तो ओळींमधल्या अंतराचा. रोमन लिपीत १० पॉइंटच्या अक्षराला ११ पॉइंटची ओळ चालून जाते. आपल्याकडे वरच्या ओळीचे उकार आणि ऋकार खाली लोंबतात, खालच्या ओळीचे रफार, वेलांट्या, अनुस्वार वर चढतात, आणि दोन्ही एकमेकांत अडकतात. चाचणीसाठी 'कुटुंबातून कृती' असली ओळ वर आणि 'वर्षीं किंवा धर्मांध' असली ओळ खाली ठेवा. त्या एकमेकींना शिवल्या नाहीत की अंतर जमलं. पॉइंटच्या आकड्यावर विसंबू नका. एका फाँटचा १० पॉइंट दुसऱ्याच्या १२ एवढा दिसतो. चष्मा न लावता हातभर अंतरावर पान धरून वाचता आलं पाहिजे, हेच माप.

जुन्या फाँटवरून युनिकोडवर आला असाल तर 'ऱ्या' वर डोळा ठेवा. रूपांतरात 'शेतकऱ्यांना' चं 'शेतकर्यांना' होतं आणि मथळ्यात हे चिडवत राहतं. पान लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (जोडाक्षरं नीट जुळवणारी सोय) चालू हवा आणि मजकुराची भाषा मराठी निवडलेली हवी. फाँटमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' त्यामुळे मिळतात. फाँट निवडताना ही सोय आहे का ते आधी विचारा. हिंदी वळणाचा 'श' वाचक चालवून घेतो, पण पेपर परका वाटतो.

मथळ्यासाठी अति जाड अक्षर टाळा. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, 'घ' आणि 'ध' मधली फट बुजते, 'ष' चा 'प' दिसतो. रंगीत पट्टीवर पांढरी बारीक अक्षरं तर पहिल्या पानावर नकोतच. चार रंगांच्या प्लेटा केसभर सरकल्या की अनुस्वार गायब होतात. पांढरं अक्षर हवंच असेल तर निव्वळ काळ्या पट्टीवर, मोठं आणि ठळक.

आकड्यांची पट्टी

आमच्या नव्या पानातली मला सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे पेपरच्या नावाच्या पट्टीखाली, पानाच्या पूर्ण रुंदीत धावणारी आकड्यांची ओळ. पाच-सहा आकडे, त्याहून जास्त नाही, आणि ते ऋतूप्रमाणे बदलतात.

जून ते सप्टेंबर तिथे कोयनेचा साठा आणि विसर्ग असतो, आणि आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणून नुसतं '८७ टीएमसी' लिहू नका, '१०५ पैकी ८७' लिहा. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. हे दोन्ही आकडे रोज सोबत छापा, वाचकांना पाठ असले तरी. ऑगस्ट २०१९ मध्ये इथे पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत सांगलीत आकडा म्हणजे घर सोडायचं की थांबायचं याचा निर्णय होता. कोल्हापूरच्या पानावर हीच जागा राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेची: इशारा ३९, धोका ४३.

आणि प्रत्येक आकड्यापुढे वेळ. 'रात्री ११ वा.' हे दोन शब्द नसतील तर तो आकडा छापू नका. नदी रात्रभर चढत असते, पेपर सकाळी सहाला दारात पडतो, आणि वाचक छापलेला आकडा आत्ताचा समजतो. पातळी चढती आहे की उतरती, हे बाणाने दाखवा. कोणत्या पातळीला कोणत्या भागात पाणी शिरतं, याची यादी महापालिकेच्या आपत्ती कक्षाकडून पावसाळ्याआधी घेऊन ठेवा. पाणी इशाऱ्याजवळ आलं की पट्टीखाली ती नावं टाका: सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड. फुटांपेक्षा स्वतःच्या गल्लीचं नाव लोकांना लवकर कळतं.

डाक आवृत्तीत, म्हणजे लांबच्या तालुक्यांसाठी आधी छापलेल्या अंकात, हीच पट्टी वेगळी हवी. जत आणि आटपाडीच्या वाचकाला भर पावसाळ्यातही आयर्विन पुलाचं काही पडलेलं नसतं. त्याला टेंभू किंवा म्हैसाळ योजनेचं आवर्तन कधी सुटणार ते हवं असतं. एकाच जिल्ह्यात एकीकडे पूर आणि दुसरीकडे टँकर असतो. मांडणी एक ठेवा, आकडे बदला. गळीत हंगामात उसाचा दर, बेदाण्याच्या दिवसांत तासगावचे सौदे, वर्षभर हळद. महावितरणची वीज बंद राहणार असेल तर भाग आणि वेळ. सोन्याचा भाव लोक मागतात, द्या.

जाहिरात आणि छायाचित्र

जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही, म्हणून जाहिरात विभागाला शत्रू समजू नका. एकेकाळी अख्खं पहिलं पान जाहिरातींचं असे. लंडनच्या 'टाइम्स'ने पहिल्या पानावर बातम्या आणल्या त्या ३ मे १९६६ ला, आणि आपल्या 'हिंदू'ने १९५८ मध्ये. बातमीची ही जागा मागून, भांडून मिळवलेली आहे. पूर्ण पानाचं जॅकेट, म्हणजे अंकाला बाहेरून गुंडाळलेलं जाहिरातीचं पान, ज्या दिवशी असेल, त्या दिवशी आतलं पहिलं बातमीचं पान याच मांडणीत जसंच्या तसं लावा, आणि जॅकेटवर वरच्या कडेला आकड्यांची पट्टी ठेवण्याची अट घाला. जाहिरातदार बहुधा मान्य करतात, कारण ती पट्टी बघायला माणूस पान उलटण्याआधी थांबतो.

छायाचित्र एकच, मोठं, आणि माणसांचं. फीत कापणाऱ्यांची रांग पहिल्या पानावर नको. ओळीत ठिकाण, वेळ, कोण आणि काय चाललंय हे सगळं हवं.

कोरं पान आणि खरी रात्र

मांडणी संपादकांच्या केबिनमध्ये नेहमी सुंदर दिसते, कारण तिच्यात खोट्या बातम्या भरलेल्या असतात. तुम्ही खऱ्या भरा. जुन्या अंकांतले तीन दिवस निवडा: एक साधा, एक बातम्यांचा दुष्काळ असलेला, आणि एक निकालाचा किंवा पुराचा. तिन्हींच्या बातम्या नव्या आराखड्यात बसवा. यातूनच तीन साचे तयार होतात आणि तेवढे पुरतात. रात्री साडेबाराला मोठी बातमी आली तर ड्यूटीवरच्या उपसंपादकाने साचा बदलायचा, नव्याने डिझाइन करायचं नाही. ते दहा मिनिटांत जमत नसेल तर साचा अजून सोपा करा.

पानाची डमी, म्हणजे चाचणीची प्रत, ऑफिसच्या प्रिंटरवर काढून पाहण्यात समाधान मानू नका. छापखान्याला विनंती करून खऱ्या कागदावर, खऱ्या मशीनवर थोड्या प्रती काढा. त्या घेऊन पुन्हा त्याच स्टँडवर, त्याच टपरीवर जा. कुणाच्या तरी हातात द्या आणि तीन मिनिटांनी परत घ्या. मग विचारा: आज काय काय झालं? चार गोष्टी नीट सांगता आल्या तर पान चालतंय. फक्त फोटो आठवत असेल तर मथळे पुन्हा लिहा.

नवं पान सणाच्या दिवशी सुरू करू नका. त्या दिवशी जाहिराती सगळं गिळतात. मधल्या आठवड्यातला साधा दिवस घ्या. पेपरचं नाव ज्या अक्षरात छापलं जातं ते बदलू नका. पंचांग, निधनवार्ता आणि राशिभविष्य जिथे आहे तिथेच ठेवा. वयस्कर वाचक ते न बघता बोटाने गाठतात, आणि त्यांची ती सवय मोडण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पहिल्या सकाळपासून फोन सुरू होतील. डेस्कवर एक वही ठेवा आणि ज्याने फोन घेतला त्याने वाक्य जसंच्या तसं लिहायचं, गाव आणि अंदाजे वय यांसह. 'जुनंच बरं होतं' हे फोन आठवडाभरात ओसरतात. 'अमुक सापडत नाही' हे फोन वेगळे, त्यांची दखल त्याच दिवशी घ्या. एक महिना काहीही मोठं बदलू नका, संपादकांनी सांगितलं तरी. महिन्याने वही आणि तीस अंक पुन्हा टेबलावर घ्या, तेच लाल पेन घ्या, आणि 'उर्वरित' कुठे कुठे परत घुसला आहे ते शोधा. तो घुसलेला असतोच, बहुतेक डाक आवृत्तीत, शेवटच्या पंधरा मिनिटांत लावलेल्या बातमीत.